सर्वांत वाईट पुस्तक आणि त्याचा निकाल देणारा वाचक

आयुष्यात वाचलेले सर्वांत वाईट पुस्तक कोणते, असा प्रश्न वाचणाऱ्या माणसांच्या कोणत्याही समूहात टाकला, तर उत्तरांना तोटा पडत नाही. आवडत्या पुस्तकाचे नाव सांगताना माणसे घुटमळतात, दोन-तीन नावे घेतात, मग त्यांतले एखादे मागे घेतात. नावडत्या पुस्तकाच्या बाबतीत असे होत नाही. नाव तत्काळ येते आणि त्याच्यासोबत वर्षानुवर्षे जपलेला रागही येतो. मात्र ही नावे एकाखाली एक लिहून पाहिली, तर त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. त्यांतील बहुतेक पुस्तके नामांकित असतात. अभ्यासक्रमाला लावलेल्या अभिजात कादंबऱ्या, मोठी पारितोषिके मिळवलेली पुस्तके, लाखो प्रती खपलेल्या प्रेमकथा, यशाची हमखास सूत्रे सांगणारी पुस्तके, हीच या याद्यांत पुन्हा पुन्हा येतात. ज्या पुस्तकात वाक्याचा वाक्याशी मेळ नाही, पात्रांची नावे मध्येच बदलतात आणि शेवट लेखकालाही सापडलेला नाही, असे पुस्तक या यादीत जागा मिळवू शकत नाही, कारण ते वाचण्याची वेळच कोणावर आलेली नसते.

अशी पुस्तके दुर्मीळ असतात म्हणावे, तर तसेही नाही. विज्ञानकथालेखक थिओडोर स्टर्जन यांच्यासमोर, विज्ञानकथांपैकी नव्वद टक्के टाकाऊ असतात, असा आक्षेप वारंवार येत असे. तो त्यांनी मान्य केला आणि प्रत्येकच गोष्टीतले नव्वद टक्के टाकाऊ असते, अशी पुस्ती जोडली. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ मध्ये पुस्तक-परीक्षकाच्या जिण्यावर लिहिलेल्या एका निबंधात याहून कठोर हिशेब मांडला आहे: दहापैकी नऊहून अधिक पुस्तकांविषयी प्रामाणिकपणे लिहायचे झाले, तर ‘हे पुस्तक निरुपयोगी आहे’ यापलीकडे लिहिण्यासारखे काही नसते. म्हणजे टाकाऊ पुस्तकांचा महापूर नेहमीचाच आहे. तो आपल्या अंगावर येत नाही, कारण प्रकाशक, संपादक, ग्रंथपाल, परीक्षक आणि वाचणारे मित्र तो वाटेतच अडवतात. अडवणाऱ्या या मंडळींनी ज्या पुस्तकाला हात देऊन आपल्यापर्यंत आणले, त्याच पुस्तकाचा आपल्याला संताप येऊ शकतो.

माझे म्हणणे याच निरीक्षणातून निघते. ‘मी वाचलेले सर्वांत वाईट पुस्तक’ हे विधान वरवर पुस्तकाच्या गुणवत्तेविषयीचे वाटले, तरी मुळात ती एक फिर्याद असते. कोणीतरी आपल्याला शब्द दिला होता आणि तो पाळला गेला नाही, अशी ती फिर्याद आहे. ती करण्याचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. किंबहुना ती आज जितकी उघडपणे व्हायला हवी तितकी होत नाही. परंतु फिर्याद करणाऱ्याने आपला जबाब नीट नोंदवला पाहिजे. पुस्तक किती वाचले, कोणत्या रूपात वाचले आणि कशाच्या अपेक्षेने उघडले, या तीन गोष्टी जो सांगत नाही, त्याच्या निकालाला वजन देण्याचे कारण नाही, मग तो निकाल कितीही चटकदार शब्दांत दिलेला असो.

दिलेला शब्द आणि वाट्याला येणारी निराशा यांचे नाते निव्वळ तर्काने सांगितलेले नाही. त्यावर बारकाईने अभ्यास झाला आहे. बालाझ कोव्हाच आणि अमँडा शार्की या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००७ ते २०११ या काळात प्रतिष्ठेची पारितोषिके मिळालेल्या किंवा त्यांच्या अंतिम यादीपर्यंत पोहोचलेल्या ६४ इंग्रजी पुस्तकांवरील वाचकांचे ३८,८१७ अभिप्राय तपासले. पारितोषिक जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकाचे वाचक वाढले, हे अपेक्षितच होते. पण त्याच वेळी वाचकांनी त्याला दिलेले गुण घसरले आणि ही घसरण, अंतिम यादीत राहून पारितोषिकाला मुकलेल्या पुस्तकांच्या तुलनेत, अधिक होती. पुस्तकातले एक अक्षर बदललेले नव्हते. बदलला होता तो वाचकवर्ग. पारितोषिकापूर्वी ते पुस्तक शोधत आलेल्या माणसाला त्या विषयाची, त्या लेखनपद्धतीची ओढ होती. पारितोषिकानंतर आलेल्या माणसाला ‘सर्वोत्तम’ या शिक्क्याची ओढ होती. एरवी जो या प्रकारच्या लेखनाच्या वाटेला गेला नसता, तो शिक्का पाहून आत शिरला आणि आपली फसवणूक झाली असे सांगत बाहेर आला.

या वाचकाला अरसिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि साहित्यव्यवहारातली प्रतिष्ठित माणसे बहुधा तेच करतात. मला ते अन्यायाचे वाटते. त्याची चूक एवढीच की त्याने शिक्क्यावर विश्वास ठेवला, आणि शिक्का विश्वास ठेवावा यासाठीच मारलेला असतो. पारितोषिक देणाऱ्या समितीने ‘हे पुस्तक अमुक प्रकारच्या वाचकाला, अमुक कारणासाठी मोलाचे वाटेल’ असे सांगितले असते, तर अर्धी निराशा टळली असती. समित्यांची मानपत्रे मात्र मानवी अस्तित्वाचा वेध आणि भाषेची नवी क्षितिजे यांच्या खाली उतरायला तयार नसतात. त्या मानपत्रावरून पुस्तक तीन पिढ्यांच्या कहाणीचे आहे की एका माणसाच्या एका दुपारचे, हेही कळत नाही.

सक्तीच्या वाचनाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. परीक्षेसाठी वाचलेल्या पुस्तकात प्रश्नपत्रिका आधी दिसते आणि मजकूर नंतर. लेखक त्यात नाहक बदनाम होतो. फ्रान्समध्ये अनेक वर्षे शिक्षकी केलेले लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत न वाचण्याचा, पाने गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडून देण्याचा हक्क आवर्जून नोंदवलेला आहे, आणि तो एका शिक्षकाने नोंदवावा, याला अर्थ आहे. हे हक्क मला निरपवाद मान्य आहेत. माणसाचे आयुष्य मोजके आहे आणि तिसाव्या पानावर ज्याचा वीट आला, ते पुस्तक हातावेगळे करण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. पण सोडून देण्याचा हक्क आणि निकाल देण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला वाचक असल्यामुळे आपोआप मिळतो. दुसरा मिळवण्यासाठी पाने उलटावी लागतात.

या फरकाचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्रजी साहित्याच्या इतिहासात आहे. जॉन कीट्स यांचे ‘एन्डिमियन’ हे चार सर्गांचे काव्य १८१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या वजनदार नियतकालिकात जॉन विल्सन क्रोकर यांनी त्याची निर्भर्त्सना केली. परीक्षणाच्या आरंभीच क्रोकर सांगतात की, आपण पुष्कळ प्रयत्न केला, परंतु चारांपैकी पहिल्या सर्गापलीकडे आपली मजल गेली नाही. त्या काळच्या परीक्षणांच्या रीतीप्रमाणे हा कबुलीजबाब टोमणा म्हणून लिहिलेला आहे. न वाचता आल्याचा दोष वाचणाऱ्याकडे न ठेवता तो कवीच्या खात्यावर टाकायचा, अशी ही चलाखी आहे. मात्र पाव काव्य वाचून पूर्ण काव्याचा निकाल द्यायला ते कचरले नाहीत. आज क्रोकर यांचे नाव निघते ते मुख्यतः या परीक्षणामुळे.

त्यांच्याशेजारी टॉलस्टॉय यांना उभे करावे. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी शेक्सपिअरवर एक दीर्घ निबंध लिहिला. तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेक्सपिअर महान नाही, इतकेच नव्हे तर सामान्य लेखकही नाही, असा त्यांचा निकाल होता. काळाने तो मान्य केलेला नाही आणि ऑर्वेल यांनी १९४७ मध्ये त्याचा सविस्तर प्रतिवादही केला. पण हा निकाल देण्यापूर्वी टॉलस्टॉय काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. सुमारे पन्नास वर्षे आपण ही नाटके रशियन, इंग्रजी आणि जर्मन या तिन्ही भाषांत पुन्हा पुन्हा वाचत आलो, दर वेळी कंटाळा आणि तिटकाराच वाट्याला आला, आणि लिहायला बसण्याआधी म्हातारपणी ती सगळी पुन्हा एकदा वाचून काढली, असे ते सांगतात. त्यानंतर ‘किंग लिअर’ घेऊन ते त्यातला एकेक प्रवेश आपल्यासमोर उलगडतात: राजा कोणत्या कारणाने संतापतो, ते कारण पटण्याजोगे आहे का, आणि सगळी पात्रे एकाच साच्यातले का बोलतात. टॉलस्टॉय यांच्याशी पावलोपावली भांडता येते, कारण त्यांनी भांडायला जागा ठेवली आहे. क्रोकर यांच्याशी भांडण्यासारखे काही उरत नाही. दोघांचेही निकाल काळाच्या कसोटीला उतरले नाहीत, तरी त्यांतला एक निबंध शेक्सपिअरच्या अभ्यासकाला आजही काहीतरी देतो, दुसरा उपहासाचा विषय होतो. निकाल बरोबर निघाला की चूक, यावर त्याची किंमत ठरत नाही. त्यामागे किती वाचन आणि किती विचार उभा आहे, यावर ती ठरते.

पुस्तक कोणत्या रूपात वाचले, हा दुसरा मुद्दा किरकोळ वाटण्याची शक्यता आहे. तो तसा नाही. हर्मन मेलव्हिल यांची ‘मोबी डिक’ १८५१ मध्ये प्रथम लंडनमध्ये ‘द व्हेल’ या नावाने निघाली. त्या आवृत्तीतून शेवटचा छोटा उपसंहार गळला होता, आणि जहाज बुडाल्यानंतर कथा सांगणारा एकटा कसा वाचला, हे नेमके त्या उपसंहारातच सांगितलेले आहे. साहजिकच लंडनच्या काही परीक्षकांनी विचारले की, सगळेच बुडाले असतील, तर ही हकिगत सांगतो आहे तरी कोण? लेखकाला कथानकाची साधी जुळणी करता येत नाही, असा ठपका त्याच्यावर आला. त्यांच्या हातातल्या पुस्तकापुरता तो ठपका खरा होता; ते पुस्तक मेलव्हिल यांनी लिहिलेले नव्हते, इतकेच. जगातले कितीतरी साहित्य आपण भाषांतरांतून, संक्षिप्त आवृत्त्यांतून आणि घाईने छापलेल्या प्रतींतून वाचतो. एखादी रशियन कादंबरी ‘रुक्ष’ वाटली, तर तो रुक्षपणा मूळ लेखकाचा आहे, इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याचा आहे, की निम्मी पाने छाटणाऱ्या संपादकाचा आहे, हे तपासल्याखेरीज त्या लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. निदान भाषांतरकाराचे नाव तरी निकालपत्रात असावे. स्तुती करतानाही ते सहसा घेतले जात नाही, ही गोष्ट वेगळी.

आता अपेक्षेकडे वळू. वाचक ज्या वाक्यांत पुस्तकाला झिडकारतो, ती वाक्ये जवळून पाहिली की पुस्तकाइतकीच माहिती वाचकाबद्दलही मिळते. ‘यात काहीच घडत नाही’ असे म्हणणारा कथानकाच्या ओढीने आलेला असतो. ज्या कादंबरीत एक विधवा घर विकायचे की नाही एवढाच विचार दोनशे पाने करते, तिच्यातले घडणे त्याच्या लेखी घडणे नसते. ‘नायिकेचा राग आला’ ही तक्रार तर अनेकदा लेखकाला पावती असते, कारण राग यावा अशीच ती रेखाटलेली असते. मात्र लेखकाला तिच्याविषयी सहानुभूती निर्माण करायची होती आणि ती झाली नाही, असे दाखवता आले, तर तोच खरा दोष ठरतो. ‘भाषा अवघड आहे’ हे विधान विषय गहन असल्याने खरे असू शकते आणि लेखकाला विषयच कळलेला नसल्यानेही खरे असू शकते. ‘पहिली शंभर पाने कापली असती तरी चालले असते’ हे मात्र एक नेमके, तपासता येण्याजोगे विधान आहे. ते करणाऱ्याने पुढची पाने वाचलेली आहेत आणि पुस्तकाचे काय करायला हवे होते, याचा विचारही केलेला आहे. असे एक वाक्य पन्नास ‘भिकार’, ‘रद्दी’ आणि ‘वेळेचा अपव्यय’ यांच्यापेक्षा अधिक कामाचे असते.

भाषेच्या तक्रारीविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि तिचा दाखला मराठीतच मिळतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तीत जोतीराव फुले यांच्या लेखनावर टीका करताना त्यांच्या व्याकरणाची आणि भाषेची यथेच्छ टर उडवली. चिपळूणकर यांच्या शैलीचा दरारा मोठा होता, त्यांचे वाचनही अफाट होते. त्यांनी वाचले नाही, असा आरोप त्यांच्यावर करता येणार नाही. तरीही ‘गुलामगिरी’सारख्या पुस्तकात जे सांगितले जात होते, ते त्यांना ऐकू गेले नाही, कारण ते ज्या भाषेत आणि ज्या समाजातून सांगितले जात होते, तिथपर्यंत कान नेण्याची त्यांची तयारी नव्हती. व्याकरणाच्या चुका दाखवणे गैर नाही. त्या चुकांच्या आड लेखकाचे म्हणणेच बाद करणे गैर आहे, आणि शुद्धलेखनाच्या नावाने दिलेल्या निकालांत हा प्रकार आजही सर्रास घडतो.

येथे एक आक्षेप येतो. कठोर निकालाने लेखक खचतो, नवोदिताचे पाऊल अडखळते, तेव्हा नावडलेल्या पुस्तकाबद्दल मौन पाळणेच सभ्यपणाचे, असे मानणारे पुष्कळ आहेत. क्रोकर यांच्या परीक्षणाने कीट्स यांचा बळी घेतला, ही दंतकथा याच समजुतीला धरून आहे. शेली आणि बायरन यांनी ती पसरवायला हातभार लावला. कीट्स १८२१ मध्ये क्षयाने वारले. परीक्षण आल्यानंतर, १८१८ च्या ऑक्टोबरमध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितले होते की, आपण स्वतःच्या लेखनाचे जे परीक्षण करतो, त्याने आपल्याला झालेल्या यातना या नियतकालिकांनी दिलेल्या यातनांपेक्षा किती तरी अधिक आहेत. खरा लेखक असा असतो. व्यवहाराच्या बाजूनेही ही भीती अतिरंजित आहे. जोना बर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, प्रतिकूल परीक्षणामुळे प्रस्थापित लेखकांच्या पुस्तकांचा खप सुमारे १५ टक्क्यांनी घटला, पण अपरिचित लेखकांच्या पुस्तकांचा खप ४५ टक्क्यांनी वाढला. वाचकाच्या ध्यानात दोष राहत नाही, नाव राहते. नवोदिताला टीकेपेक्षा अनुल्लेख अधिक मारक ठरतो, हे कोणत्याही नवोदिताला विचारून पाहावे.

आक्षेपाचा एक भाग मात्र मी मान्य करतो. निकाल हा जेव्हा झुंडीचे हत्यार बनतो, तेव्हा त्यात वाचनाचा अंशही उरत नाही. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकन लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी विसाव्या शतकातील सैबेरियात घडणारी आपली नवी कादंबरी जाहीर केली. ती पुढच्या फेब्रुवारीत निघायची होती. युक्रेनमध्ये युद्ध चालू असताना रशियात घडणारी कथा, या कारणाने वाचकांच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर तिला शेकडो जणांनी सर्वांत कमी गुण दिले आणि काही दिवसांतच लेखिकेने ती मागे घेतली. युक्रेनी वाचकांचा संताप समजण्याजोगा होता. मात्र ज्या पुस्तकाचे एक पानही कोणाच्या हाती पडलेले नाही, त्याला ‘वाईट’ ठरवणाऱ्यांपेक्षा क्रोकर प्रामाणिक म्हणावे लागतात; त्यांनी निदान पहिला सर्ग वाचला होता आणि तेवढाच वाचला हे छापून सांगितले होते.

तरीही, दोन वाईटांतून निवड करायची तर अन्यायी निंदेपेक्षा खोटी स्तुती अधिक नुकसान करते, असे माझे मत आहे. निंदा निदान नजरेस पडते आणि तिला उत्तर देता येते. स्तुती प्रस्तावनेतून, मलपृष्ठावरून, परस्परांच्या पुस्तकांवर आळीपाळीने लिहिलेल्या परिचयांतून अशी झिरपते की तिचा उगम सापडत नाही. या प्रकारावर सर्वांत प्रभावी हल्ला मेकॉले यांनी १८३० मध्ये ‘एडिनबरो रिव्ह्यू’मधून केला. रॉबर्ट माँटगोमेरी नावाच्या कवीच्या ईश्वराच्या सर्वव्यापीपणावरील काव्याची तेव्हा अकरावी आवृत्ती निघाली होती आणि प्रकाशकांनी पैसे मोजून घडवून आणलेल्या स्तुतीवर ती लोकप्रियता उभी होती. मेकॉले यांनी नुसते ‘हे काव्य भिकार आहे’ म्हटले नाही. त्यांनी ओळी उचलल्या आणि आपल्यासमोर ठेवल्या. एका ठिकाणी कवी म्हणतो की, आत्मा आपल्या मूळ स्थानाकडे चढण्यासाठी धडपडतो, जसा ओढा आपल्या उगमाच्या पातळीवर वळणे घेत वाहतो. मेकॉले शांतपणे दाखवून देतात की, उगमाच्या पातळीवर कोणताही ओढा वाहत नाही, वाहूच शकत नाही. आणि समजा वाहिलाच, तरी सपाटीवरून वळणे घेणे आणि वर चढणे या दोन गतींइतक्या एकमेकींपासून भिन्न गती शोधून सापडायच्या नाहीत. वाईट लेखन म्हणजे काय, हे यापेक्षा स्वच्छ सांगता येत नाही: शब्द भारदस्त आहेत, लय ठीक आहे, आणि लिहिणाऱ्याने ओढ्याकडे एकदाही पाहिलेले नाही. माँटगोमेरी यांच्या आवृत्त्या पुढेही निघतच राहिल्या, यात आश्चर्य नाही. एका परीक्षणाने बाजार हलत नाही.

हेच मेकॉले पाच वर्षांनी, २ फेब्रुवारी १८३५ च्या, भारतातील शिक्षणाविषयीच्या आपल्या कुप्रसिद्ध टिपणात, चांगल्या युरोपीय ग्रंथालयातले एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचे आहे, असा निकाल देतात. आपल्याला संस्कृत येत नाही आणि अरबीही येत नाही, हे त्याच टिपणात त्यांनी लिहिलेले आहे. काही प्रसिद्ध ग्रंथांची भाषांतरे वाचली आणि जाणकारांशी बोललो, एवढ्यावर त्यांचे भागले. एका कवीच्या एका ओढ्यासाठी ज्याने इतका नेटका पुरावा दिला, त्याला दोन प्राचीन साहित्यपरंपरांसाठी एका ओळीचाही पुरावा द्यावासा वाटला नाही. आणि या दुसऱ्या निकालावर एका देशाचे शिक्षणधोरण बेतले गेले.

परिणामाने वाईट ठरणारी पुस्तके हा आणखी एक वर्ग आहे, ज्याला वाचकांच्या याद्यांत सहसा स्थान नसते. ज्यूंच्या तथाकथित कारस्थानाचे बनावट इतिवृत्त १९०३ मध्ये रशियात प्रथम छापले गेले. ते एका जुन्या फ्रेंच उपहासग्रंथावरून उचललेले आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये पुराव्यानिशी दाखवले, तरी त्याचा विषारी प्रसार थांबला नाही. आजच्या काळात धोका वेगळ्या रूपात येतो. २०२३ मध्ये, संगणकाकडून लिहवून घेतल्याचा दाट संशय असलेली रानातील अळंबी ओळखण्याची मार्गदर्शक पुस्तके इंटरनेटवर विक्रीस आली आणि न्यूयॉर्कच्या अळंबी-अभ्यासकांच्या मंडळाला, अशा पुस्तकांवर विसंबल्यास जिवावर बेतू शकते, असा इशारा द्यावा लागला. त्याच वर्षी अॅमेझॉनने स्वतः पुस्तके प्रकाशित करणाऱ्यांवर दिवसाला तीन पुस्तकांची मर्यादा घातली. अशी मर्यादा घालावी लागते, यावरूनच पुराची कल्पना यावी. स्टर्जन यांचे नव्वद टक्के आता कमीच म्हणावे लागतील. पूर अडवणारे प्रकाशक आणि संपादक ज्या वाटेवर नाहीत, तिथे हातातले पुस्तक वाईट आहे, हे स्पष्ट, सकारण आणि लवकर सांगणारा वाचकच तेवढा उरतो.

आणि शेवटी असेही पुस्तक असते, ज्याची भाषा उत्तम आहे, बांधणी निर्दोष आहे, आणि तरीही एखादा वाचक त्याला नाकारतो. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात जोसेफ कॉनरॅड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या जगभर शिकवल्या जाणाऱ्या लघुकादंबरीबद्दल हेच केले. कॉनरॅड हे मोठे शैलीकार आहेत, हे त्यांनी आधीच मान्य केले. मग आफ्रिकी माणसे त्या कथेत कुठे आणि कशी येतात, ते दाखवले: हातपाय, डोळ्यांची बुबुळे, आरडाओरडा, त्यांच्या तोंडी शब्द अगदी मोजके, आणि तेही त्यांच्या हीनपणाचा पुरावा म्हणूनच. मानवजातीच्या एका भागाचे माणूसपण हिरावून घेणाऱ्या कादंबरीला थोर कलाकृती म्हणता येईल का, असा प्रश्न विचारून त्यांनी नकारार्थी उत्तर दिले. सभागृहातले आणि नंतरचे अनेक अभ्यासक या निकालाने दुखावले; कॉनरॅड साम्राज्यशाहीचेच वाभाडे काढत होते, असा प्रतिवाद झाला आणि तो अजून संपलेला नाही. मला स्वतःला अचेबे यांचा अंतिम निकाल पूर्ण पटत नाही, पण त्यांनी बोट ठेवलेल्या जागा आता ती कथा वाचताना वगळता येत नाहीत. १९८८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या त्या कादंबरीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या अभ्यास-आवृत्तीत संपादकांनी अचेबे यांचे हे व्याख्यान समाविष्ट केले. त्या पुस्तकात कथा आणि तिच्याविरुद्धची फिर्याद एकाच बांधणीत आहेत, आणि ते वाचणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही पूर्ण वाचावी लागतात.